चिंचोक्यांची विहीर

जळालेल्या मोटारीला एक वास असतो. तांब्याच्या तारेवरचे वॉर्निश करपल्याचा, कडवट, घशात बसणारा. गेवराईत आमच्या अब्बांचे मोटार-वाइंडिंगचे, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देण्याचे दुकान, आणि दुष्काळी वर्षांत तो वास घरातल्या चादरींनाही लागे. विहिरीने तळ गाठला तरी माणसे मोटार चालवत राहतात आणि ती जळते. इतरांच्या विहिरी आटाव्यात आणि त्यावर आमची चूल पेटावी, हा केवढा विचित्र न्याय! लहानपणी मला त्याची लाज वाटे. पण ती कुणाला बोलून दाखवणार?

बोलण्याची जागा सापडली ती पुढे विद्यापीठात. अर्थशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत ना परीक्षानळ्या होत्या, ना स्पिरिटचे दिवे. होती फक्त आडोसे लावलेली टेबले. वाटून घ्यायची वेळ आली की माणूस कसा वागतो, ते तिथे खेळ मांडून पाहत, आणि त्या कामी विद्यार्थ्यांना मदतनीस म्हणून घेत. मुलाखतीत प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमनी विचारले, "तुला काय येतं?" मी म्हणाले, "मोटार का जळते, ते सांगता येतं." त्या हसल्या नाहीत, त्यांनी ते लिहून घेतले. वर्षभर मी सहभागींना सूचना वाचून दाखवल्या, एक शब्दही न बदलता. मग एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "आता स्वतःचा प्रयोग मांड."

मी तो मांडला गेवराई तालुक्यातल्याच चकलांब्याला, बायकांच्या दूध संस्थेच्या खोलीत. पडद्यामागे एक मडके, मडक्यात चिंचोके, ती विहीर. पाच जणींनी पाळीपाळीने, दर फेरीला क्रम बदलून, आत जायचे, हवे तेवढे घ्यायचे. उरतील त्यांत मी दर फेरीला भर घालणार, आणि शेवटी हातातल्या चिंचोक्यांच्या बदल्यात साखर देणार. नियम एकच : कुणी कुणाशी बोलायचे नाही.

पहिली फेरी निमूट पार पडली. दुसऱ्या फेरीत पहिली पाळी त्यांच्यातल्या रेखाची होती, आणि तिच्या मागून गेलेल्या चौघी रिकाम्या हातांनी परतल्या. संस्थेच्या अध्यक्षा अनसूयाकाकू (गावातल्या टँकरचा क्रमही त्याच लावत) सर्वांत शेवटी बाहेर आल्या, त्या बोलतच.

"पोरी, समदी इहीरच गायब हाय!"

"काकू, बोलायचं नाही. नियम आहे."

"कावून न्हाई? इहीर काय मुक्यानं वापरतेत का?"

तेवढ्यात रेखाच उभी राहिली. पदर मुठीत घट्ट धरून म्हणाली, "म्या घेतले. मगाशी माझी पाळी शेवटी आलती, तळाला दोन उरलेले. टँकर बी तसाच येतो. आमच्या गल्लीत येईस्तोवर पाणी न्हाई, नुस्ती नळी गळती. दोन म्हशी हायत माझ्या. कवा न्हाई ते पयला नंबर आला, मग घेतले."

मौनाचा माझा नियम आत्ता कुठे पाळला गेला! मग काकू म्हणाल्या, "लई दिस झाले, तू बोलली न्हाईस अन् आमी इचारलं न्हाई. उद्यापून टँकर तुज्या गल्लीतून सुरू."

प्रयोग मोडला होता. परतीच्या एसटीत कोरे तक्ते मांडीवर घेऊन बसले, तेव्हा उरलेल्या फेऱ्यांचे आकडे मनाने भरण्याचा मोह झाला. कोण तपासायला येणार होते? पुन्हा अशी संधी मिळेल, याची तरी काय खात्री? पण रेखाने चौघींसमोर जे कबूल केले होते, ते आठवले आणि पेन पुढे सरकेना. मी घडले तसे लिहून दिले.

मॅडमनी ते दोनदा वाचले. "ही फेरी धरता येणार नाही," त्या म्हणाल्या. माझा चेहरा उतरला असावा, कारण लगेच पुढे म्हणाल्या, "पुन्हा जा. या वेळी बोलू दे त्यांना. आणि हेही जपून ठेव."

मी काकूंना फोन लावला, पुन्हा आले तर चालेल का, म्हणून विचारायला.

"ये की!" त्या म्हणाल्या. "पर ध्यानात ठिव, टँकर आता रेखाच्या गल्लीतून निघतो अन् माझी गल्ली शेवटची हाय." मग अगदी खऱ्या कुतूहलाने त्यांनी विचारले, "या बारीला म्या किती चिंचोके उचलीन, काय वाटतं तुला?"