आमच्या दारी न आलेला निरोप

माझी बायको साप चावून मेली असं लिहून दे, असं गावातले चार जण मला सांगत होते, तेव्हा ती तालुक्याच्या दवाखान्यात मागच्या खोलीत होती आणि चिरफाड व्हायची होती. मी बाहेर कडुलिंबाखाली बसलो होतो. तिच्या उजव्या पायाची पोटरी जळालेली मी डोळ्यांनी पाहिली होती. साप असा जाळत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिता येतं पण सवय नाही. जसं आठवेल तसं लिहितो.

आमचं गाव नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला. मी जंगल खात्यात रोजंदारीवर चौकीदार होतो. खाकी होती, काठी होती, नोकरी पक्की कधी झाली नाही.

आमच्याकडे रानडुकरासाठी तार लावतात. वरून विजेची मोठी लाईन गेलेली असते, तिच्यावर आकडा टाकायचा आणि जनावराच्या वाटेवर बांबूच्या खुंट्या ठोकून गुडघ्याखाली उघडी तार ताणायची. पाय लागला की संपलं. माणूसही संपतो. म्हणून एक रीत होती. ज्याच्या घरची तार असेल त्या घरची बाई दिवस बुडायच्या आत घरोघरी जायची आणि एवढंच म्हणायची, "उद्या पहाटे नाल्याकडं नोका जाऊ वो." कायले म्हणून कोणी विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानात मटन यायचं. मीही खाल्लं आहे. अंगावर खाकी असताना खाल्लं आहे. खोटं कशाला बोलू?

मग एका साली अशाच एका तारेवर वाघीण आली. मी गार्डसोबत गस्तीवर होतो, आम्हालाच दिसली. चारही पंजे तोडलेले, मिशा उपटलेल्या. कातडं काढायला वेळ मिळाला नसावा. जनावरांच्या डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं तर थानातून दूध आलं. पिल्लं आम्ही पाच दिवस शोधली. झुडपं, कपारी, नाल्याच्या घळी, सगळं पाहिलं. नाही सापडली. त्यानंतर पानातलं मटन मला गिळलं नाही.

पंजे विकत घेणारा बाहेरचा होता. मोटारसायकलवर यायचा, मोहफुलाचा व्यापारी म्हणवायचा. त्याने पंजे घेतले आणि सांगून गेला की कातडं, हाडं, सगळंच चालेल. घरबसल्या गिऱ्हाईक मिळाल्यावर डुकरासाठी कोण जागतो? तारा आता मोठ्या जनावराच्या वाटेवर लागू लागल्या. निरोप मात्र तोच राहिला, नाल्याकडं जाऊ नका.

एका संध्याकाळी बायको चूल पेटवता पेटवता म्हणाली, "अजी, उद्या नाल्याकडं जायचं नाही. शेजारीण सांगून गेली."

"तिच्याच घरची तार का?"

"मले काय मालूम? आन तुम्ही कायले इचारता?"

मी चहा पिलो आणि जंगल खात्याच्या कॅम्पवर जाऊन साहेबांना सांगितलं. दोघं तारेसकट पकडले गेले. त्यातला एक शेजारणीचा दीर. त्या वाटेने त्या आठवड्यात दुसरी एक वाघीण पिल्लं घेऊन गेली, मी तिच्या पायांचे ठसे चिखलात पाहिले. मोठ्या खुशीत घरी आलो. बायको भांडी घासत होती, मान वर केली नाही.

"माह्या तोंडचं नेऊन देल्लं तुम्ही," ती म्हणाली.

"वाघ वाचला ना?"

"वाचला. आता आपल्या घरी कोण सांगन?"

मला हसू आलं. म्हटलं, "मी चौकीदार हावो. मले कोणी सांगायले पायजे का?"

"तुमाले नाही जी. मले."

मी ते ऐकलं आणि हात धुवायला गेलो. बाईचं बोलणं म्हणून सोडून दिलं. आता ते मला रोज ऐकू येतं.

त्या दिवसापासून आमच्या दारी निरोप येणं बंद झालं. विहिरीवर ती गेली की बोलणं थांबायचं. ती काही रडणारी बाई नव्हती. तिने आपली युक्ती काढली. पहाटे बायका ज्या वाटेने निघत, त्यांच्या मागून पन्नास पावलांवर ती निघायची. त्या जिकडे जात नसत तिकडे ही जात नसे. कोणी बोलावत नव्हतं, कोणी हाकलतही नव्हतं. अशी दोन वर्षं काढली.

पण मोहाच्या दिवसांत प्रत्येक घराचं झाड ठरलेलं असतं. दुसऱ्याच्या झाडाखालची फुलं कोणी उचलत नाही. आमचं झाड नाल्यापलीकडे. त्या साली फुलं लवकर गळाली आणि पहिले दोन दिवस बायकांच्या मागून निघून ती उशिरा पोचली, तर चितळांनी झाडाखालची जागा झाडल्यासारखी साफ केलेली. तिसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी निघाली. पुढे कोणी दिसलं नाही. आपण सगळ्यांच्या आधी निघालो, असं तिला वाटलं असेल. खरं म्हणजे त्या दिवशी त्या वाटेला कोणी येणारच नव्हतं. साऱ्या गावाला माहीत होतं.

मी सकाळी कॅम्पवरून त्याच वाटेने येत होतो. ती कुशीवर पडली होती. टोपली रिकामी. तार नव्हती. खुंट्या उपटल्याची भोकं होती, माती ताजी. म्हणजे ते आले, तिला पाहिलं, तार गुंडाळून नेली आणि तिला तिथंच ठेवलं. पदरही सारखा केला नाही. तो मी केला.

तर दवाखान्याच्या आवारात ते चार जण.

एक म्हणाला, "भाऊ, जाणारी गेली. साप म्हटलं तर गाव वाचते."

दुसरा म्हणाला, "त्याची लेकरं बारकी हायेत गा. जरा इचार कर."

"कोणाची?" मी विचारलं. मग सगळ्यात म्हातारा होता तो बोलला, "तोंड पयले तूच उघडलं. आमाले काऊन पाहून राहिला?"

मी काठी उचलली. मारली नाही. ते चहाच्या टपरीकडे गेले. म्हाताऱ्याने म्हटलं ते खोटं नव्हतं, म्हणून हात खाली आला.

थोड्या वेळाने शेजारीण आली. एकटीच, एसटीने. माझ्यापासून दूर पायरीवर बसली, मग उठून जवळ आली.

"भाऊजी, मी आली होती."

"कुठं?"

"काल दिवस बुडता. बाईले सांगायले. तुम्ही आंगणात खाकी घालून चहा पेऊन राहिले होते. मी बकरीले हाक मारली आन परतली."

मला आठवलं. ती कुंपणाशी उभी होती. बकरी शोधत असेल असं मला वाटलं होतं. मी तर तिला म्हटलंही होतं, बकरी तिकडं गेली वो.

"मी गेल्यावर काऊन नाही आली? घंटाभरात कॅम्पवर गेलो मी."

"घरवाल्यानं येऊ नाही देल्लं. म्हणे, चौकीदाराच्या घरी सांगशील तर तूच जाशील जेलात."

"डुकराची तार होती?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मोठ्या जनावराची."

निरोप घेऊन निघाली ती हीच, म्हणजे तिच्या नवऱ्याची तार. ज्याचा भाऊ मी धरून दिला होता त्याची. माझी बायको आणि ही एका पाटावर बसून पापड लाटायच्या.

हवालदार कागद घेऊन आला. तो गोंदिया शहराचा, हिंदीत बोलायचा. "काका, साँप का केस है ना? ये लोग बोल रहे थे."

समोर टपरीवर चौघं उभे होते. शेजारीण पायरीवर. एक शब्द बोललो असतो तर दुपारपर्यंत सगळं मिटलं असतं. गावात मला पाणी मिळालं असतं, तेरवीला पंगत बसली असती. आणि ती साप चावून मेली असती, कायमची.

"साप नाही," मी म्हणालो. "तार." आणि शेजारणीच्या नवऱ्याचं नाव सांगितलं.

"किसने बताया?"

शेजारणीने मान खाली घातली. तिचं नाव मी घेतलं नाही. माफ केलं म्हणून नव्हे. आजही केलं नाही. पण तिचं नाव कागदावर आलं असतं तर पुढे कोणत्याच घरची बाई कोणाच्याच दारी गेली नसती. आधी एकदा तोंडचं नेऊन दिलं होतं, त्याचं काय झालं ते मागच्या खोलीत पडलं होतं.

"कोणी नाही सांगितलं," मी म्हणालो. "मी चौकीदार हावो. घर उघडून पाहा."

शेजारणीच्या नवऱ्याच्या गोठ्यात भाताच्या तणसाच्या ढिगात तार सापडली, आणि फडक्यात बांधलेली वाघाची नखं, जुनी. तो काही महिने आत राहिला, जामिनावर सुटला. केस सुरू आहे. मोटारसायकलवाला कोणाला सापडला नाही.

मातीला गाव आलं. तेरवीला आलं नाही. लेक आणि जावई जेवले, कॅम्पवरचे तिघं जेवले, उरलेला भात गाईला घातला.

मला स्वयंपाक येत नाही. भात शिजवतो, मीठ-तेल घालून खातो. लेक म्हणते, गोंदियाजवळ गोरेगावला आमच्याकडं या. जात नाही. मोहाच्या दिवसांत मला इथं काम असतं.

नोकरीतून मला कमी केलं आहे, वय झालं म्हणून. खाकी परत दिली. पण मोह गळायला लागला की झुंजुरकाच, उजाडायच्या आधी उठतो, हातात लांब वाळका बांबू घेतो आणि नाल्याच्या वाटेने निघतो. बांबू पुढे जमिनीलगत फिरवत चालतो. आजवर दोनदा बांबूला तार लागली. तिथंच बसून राहतो, कोणाला पुढे जाऊ देत नाही, आणि उजाडल्यावर कॅम्पवर सांगतो. वाळक्या बांबूचा भरवसा किती, ते मला माहीत आहे. दवाने ओला झाला तर काहीच नाही.

गावातल्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. शेजारीणही नाही. पण टोपल्या घेऊन गावाच्या टोकाला उभ्या राहतात. मी पन्नास पावलं पुढे गेल्याशिवाय एकही निघत नाही.