तळ्याचा प्रश्न चहापाण्यात

आमच्या जिल्ह्यातल्या विज्ञान शिकवणाऱ्यांनी मोबाईलवर चर्चेचा गट काढला, तेव्हा सुरुवातीला विज्ञानावर कोणी अक्षरही बोललं नाही. चर्चा मांडायची कशी, यावरच चर्चा रंगली. भिंगारच्या वनस्पतिशास्त्राच्या बाई म्हणाल्या, आधी कुळं पाडा, मग जाती, मगच प्रश्न. रसायनशास्त्राच्या सरांचा नियम असा, की कृती, प्रमाण आणि निरीक्षण दिल्याशिवाय उत्तर नाही. मी भौतिकशास्त्राचा. आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो, म्हणून एका वेळी एकच चर्चा, एवढीच माझी माफक मागणी. तिन्ही नियम मंजूर झाले. वाढदिवस आणि सुविचारांसाठी 'चहापाणी' नावाचा कोपरा ठेवला. तिथे नियम नव्हते.

एका ढगाळ सकाळी पाथर्डीच्या प्राणिशास्त्राच्या तरुण प्राध्यापिकेने गटात लिहिलं, शेततळ्यातले मासे वर येऊन तोंडं उघडताहेत, काय करू? तिची पीएच.डी. त्याच माशांवर होती. मासे मेले की प्रबंध गेला.

भिंगारच्या बाईंनी विचारलं, हा प्रश्न माशांच्या कुळात घ्यायचा की पाण्याच्या? सरांनी पाण्याचं तापमान, आम्लता आणि मोजण्याची पद्धत मागवली. मी कळवलं, सध्या चुंबकत्व चालू आहे, ते आटोपलं की लगेच मासे. सगळं कसं शिस्तीत चाललं होतं.

बिचारीने घाबरून तोच प्रश्न चहापाण्यात टाकला, कोणाच्या तरी केकच्या फोटोखाली. तिथे त्याच सरांचं उत्तर ताबडतोब आलं. "अगं, हवा कमी पडतीय त्यांना. मोटार लाव, पाणी उंचावरून तळ्यात पाड. आधी लाव, मग बोल."

तिने लावली. दुपारपर्यंत मासे खाली गेले. तिने मूळ गटात तसं कळवलं आणि सरांचे आभार मानले. चूक तिथे झाली.

"तुलनेसाठी मोटार न लावलेलं तळं कोणतं?" सरांनी विचारलं.

"सर, तळं एकच आहे."

"मग मोटारीनेच वाचले कशावरून? दुपारी ऊनही पडलं होतं, आणि उन्हात शेवाळही पाण्यात हवा सोडतं."

मी सरांना जोरदार पाठिंबा दिला. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. भिंगारच्या बाईंनी तत्परतेने 'असिद्ध' नावाचं नवं कुळ उघडलं आणि तळ्यातले सगळे मासे त्यात घातले.

"कुठल्याही कुळात घाला, मॅडम," पाथर्डीहून उत्तर आलं, "जिवंत आहेत तेवढं पुरे." ऊन आलंय, आता मोटार बंद करायला जाते, असं लिहून ती गेली.