वातुलावांगचा उतार

सर्विदीचं ब्रेकदुरुस्तीचं दुकान वातुलावांग घाटाच्या माथ्यावर होतं. पुढे रस्ता जो कोसळतो, तो थेट तंबाखूच्या शेतांपर्यंत. सुंबिंग डोंगरावरून धुकं उतरलं की रस्ता दिसत नसे, पण खालून ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास वर यायचा. मग सर्विदी हातातलं काम ठेवून कान देऊन बसायचा. कधी एखादा हॉर्न नुसता वाजतच राहायचा, आणि मग तोही थांबायचा. त्या दिवशी सर्विदीला जेवण जात नसे.

तरुणपणी तो कोबीच्या ट्रकवर क्लीनर होता. याच उतारावर एकदा ब्रेक गेले, तेव्हा ड्रायव्हर त्याला म्हणाला, "उडी मार." त्याने मारली. ड्रायव्हर मात्र ट्रकसोबत दरीत गेला. तेव्हापासून सर्विदी गाडीत बसून घाट कधी उतरला नाही. खाली काम निघालं तर पायवाटेने जायचा. लोक हसायचे, पण गाडी मात्र त्यालाच दाखवायचे.

त्या सकाळी मार्जुकीची मिनीबस दुकानासमोर थांबली. मार्जुकी त्याचा बालमित्र. गाडीत गावची वऱ्हाडी मंडळी होती, मांडीवर चिकट भाताच्या गोड वड्यांच्या टोपल्या. सर्विदीची बायको तुमिराहही त्यांच्यातच होती. नवरी तिची सख्खी भाची. हॉर्नची वायर तेवढी बघ, असं मार्जुकीचं म्हणणं होतं. सर्विदीने वायर जोडली आणि सवयीने ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं.

"हे कधी बदललंस? डांबर झालंय."

"ब्रेक धरतो की. आत्ता थांबलो ते काय पाय घासून?"

"सपाटीवर धरतो रे. या तेलात पाणी मुरलंय. उतारावर ड्रम तापले की त्याची वाफ होते. मग तू वाफेवर लाथा झाडत बसशील आणि चाकांना पत्ता लागणार नाही. दुपारपर्यंत गाडी ठेव, सगळं तेल काढून नवं भरतो."

"दुपारी? तोवर लग्न लागून पाहुणे आंचवतीलसुद्धा," मार्जुकी म्हणाला. "दादा, तुझं दुकान आहे तोवर या घाटात कुणाचा ब्रेक धड असायचाच नाही."

गाडीतले हसले. सर्विदीने खिडकीशी जाऊन तुमिराहला उतरायला सांगितलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, सगळ्यांदेखत मी एकटी उतरू? आणि बाकीची माणसं ती काय परकी?"

सर्विदीने हात पुसले, पुढचं दार उघडलं आणि मार्जुकीच्या डावीकडे जाऊन बसला. गाडीतलं हसणं आपोआप विरलं. सर्विदीला घाट उतरणाऱ्या गाडीत बसलेलं त्यांच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या गिअरवरच उतर, असं त्याने बजावलं. मार्जुकीने थोडा वेळ ऐकलं. मग मागून कुणीतरी उशिराची कुरकुर केली आणि त्याने तिसरा टाकला. प्रत्येक वळणावर तो ब्रेक दाबत होता. सर्विदी रस्त्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर मार्जुकीच्या पायावर होती. पाय दर वेळी थोडा जास्त खाली जात होता. मागे बायका गाणं म्हणत होत्या. मग तो वास आला, या वेळी गाडीच्या आतून.

पुढच्या वळणावर पेडल फळीला जाऊन टेकलं.

"दादा," मार्जुकी एवढंच म्हणाला.

"पंप मार. मारत राहा. दुसरा टाक." गिअर किंचाळत पडला, वेग थोडा मोडला, पण गाडी थांबेना. हँडब्रेक ओढला तर तोही ढिला निघाला. उजवीकडे दरी होती, डावीकडे कापलेला डोंगर. "माझ्या बाजूने घास. डोंगराला लाव."

"तू तिथे बसलायस!"

"लाव म्हणतो ना."

मार्जुकीने डोळे मिटून स्टिअरिंग वळवलं. दगडांनी पत्रा सोलत नेला, दार आत आलं, काचा आणि वड्या सगळ्यांच्या अंगावर. बरंच खाली जाऊन गाडी चरात रुतली. सगळे जिवंत होते. नवरीच्या मामाचं डोकं फुटलं होतं. सर्विदीचा डावा हात दारात चिरडला होता, आणि तुमिराह तो मोकळा करत होती.

हात वाचला, पण कोपर पुन्हा सरळ झालं नाही. मार्जुकी रोज दवाखान्यात यायचा आणि पलंगाशी बसायचा. एके दिवशी त्याने सांगितलं, गाडी विकली, आता परत स्टिअरिंगला हात लावणार नाही. सर्विदीने विचारलं, तेल बदलून दिलंस ना? मार्जुकीने मान खाली घातली. घेणाऱ्याने पत्रा ठोकून नवा रंग दिला होता. तेलाचं कुणी विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर सर्विदी स्वतः त्या नव्या मालकाकडे गेला. त्याने सगळं हसतमुखाने ऐकून घेतलं, कॉफी पाजली आणि म्हणाला, "काका, ब्रेक मस्त धरतो. मी रोज बघतो ना."

आता ती मिनीबस हिरवी आहे. शाळेच्या वेळेला घाट उतरते, खिडक्यांतून पोरं हात हलवतात. सर्विदी रस्त्याच्या मधोमध उभा राहून तिला थांबवू बघतो. ती हॉर्न देते, त्याला वळसा घालते आणि धुक्यात शिरते.