वाडीचं तपेलं आणि माझी पाटी

दारावर येणाऱ्या विक्रेत्यांची मला चीड आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी ती उतरलेली नाही. ऐंशीच्या दशकात आमच्या दापोलीकडच्या वाड्यांवर त्यांचा नुसता सुळसुळाट झाला होता. सकाळच्या एसटीनं उतरायचे आणि बरोबर दुपारी, पुरुषमाणूस घरात नसताना, घरापुढच्या खळ्यात हजर. मी शाळेत मास्तर, वडील वारलेले, दिवसभर घरात आई एकटी. त्यात आमच्याकडची रीत अशी, की ओटीवर चढलेल्या माणसाला आधी गूळपाणी, मग चौकशी. एकदा गूळपाणी घेतलं की तो पाहुणा झाला. पाहुण्याला 'उठा आता' म्हणायला आईची जीभ रेटायची नाही, आणि हे लोक ते पुरतं ओळखून होते.

त्या वर्षी वाडीचं तपेलं आमच्या घरी होतं. शंभर माणसांचा भात एका वेळी शिजेल एवढं पितळी भांडं, लग्नकार्याला आणि पूजेला सगळ्यांचं. विश्वासाचं घर बघूनच ते ठेवायला देत. आई ते चिंचेनं घासून असं ठेवायची, की आल्यागेल्याची नजर आधी तिथेच जावी. तिला त्याचा फार अभिमान होता.

एका दुपारी स्टीलच्या डब्यांचं गाठोडं घेऊन एक इसम आला. गूळपाणी झालं, चहा झाला. आईनं चार वेळा नको म्हटलं तरी तो जागचा हलेना. एवढ्या उन्हातून आलोय, माउली रिकाम्या हातानं परत पाठवते की काय, वगैरे सगळं झालं. मग त्याची नजर तपेल्याकडे गेली. हे वाडीचं आहे, असं आईनंच भोळेपणानं सांगितलं. लगेच त्यानं सूर बदलला. "अहो, मला तुमच्या मुंबईच्या मंडळानंच पाठवलंय. जुनं पितळ द्यायचं, वाडीसाठी नवं स्टील घ्यायचं." कोकणातल्या वाडीचं मुंबईत चाकरमान्यांचं मंडळ असतं, हे सांगायला काय ज्योतिषी लागतो? पण मंडळ म्हटल्यावर आईच्या लेखी विषय संपला. तपेलं गेलं, सहा पातळ डबे आले.

मी घरी आलो आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. आईला नाही नाही ते बोललो. "मंडळान धाडलान म्हणाला रं," एवढंच ती म्हणत राहिली. वाडीनं मंडळाला पत्र टाकून कळवलं. आईला तोंडावर कुणीच काही बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. पुढच्या लग्नात भात करायला तिला बोलावणं आलं नाही. मग ती विहिरीवरही सगळ्यांच्या आधी जाऊन यायला लागली.

मी पडलो मास्तर, उपाय काढला. फाटकावर पाटी लावली, 'विक्रेत्यांनी आत येऊ नये.' आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्याकडून धडा पाठ करून घेतला. अनोळखी माणूस, हातात भांडं, तोंडी मंडळाचं नाव, की कडी लावायची. गूळ नाही, पाणी नाही.

"आणि खरंच कोन तानलेला आला तर?" तिनं विचारलं.

"तरीही नाही," मी खेकसलो.

मे महिन्यात एका संध्याकाळी घरी आलो तर खळ्यात नवंकोरं पितळी तपेलं, आणि दार आतून बंद. आईनं कडी काढली ती अगदी ऐटीत. "परत आयलेला एक. मंडळाचं नाव घेत होता. मी कडीच लावली. लय हाका मारलान, मग भांडं ठेवून गेला."

तपेल्यात मंडळाची चिठ्ठी होती. मी ती आईला वाचून दाखवली. झालं ते झालं, फसगत कुणाचीही होते. सगळ्यांनी मिळून नवं तपेलं घेतलं आहे, ते पुन्हा काकींच्याच घरी राहावं. आणणारे गृहस्थ गिरणीतले आमचे सोबती, मंडणगडकडे आपल्या गावी निघालेत, आपल्यासाठी वाट वाकडी करून येत आहेत. वय झालंय, ऊन सोसत नाही. त्यांना जेवल्याशिवाय पाठवू नये.

 मी पाण्याचा तांब्या घेऊन थांब्यापर्यंत धावलो. शेवटची गाडी केव्हाच गेली होती. थांब्यावर कुणी नव्हतं.

परत आलो तेव्हा फाटकावरची पाटी आईनं उपटून चुलीपुढे टाकली होती.

"तुजा धडा पाठ केला मी," ती म्हणाली. "पानी मागत होता रं तो."