बर्फाच्या मुलखात धाडलेला सरदार
ओमानमधल्या दुक्मच्या रस्त्यावर वाळू आडवी वाहू लागली की मला पाइपलाइनच्या कामावरचे माझे जपानी साहेब आठवतात. बऱ्याच वर्षांपूर्वी, वेल्डिंगची तपासणी न करताच पाइप पुढे पाठवायचा हुकूम नव्या मॅनेजरने माझ्यासमोर दिला होता. पाइप फुटल्यावर ठपका मात्र साहेबांवर आला, त्यांची नोकरी गेली, आणि मीटिंगमध्ये मी गप्प बसून राहिलो. त्यांना मस्कतच्या विमानतळावर सोडायलाही मलाच पाठवलं. वाटेत ते मोडक्या इंग्रजीत त्यांच्याकडच्या एका जुन्या सामुराई सरदाराची गोष्ट सांगू लागले. त्याच्याकडे किल्ला होता, तीनशे घोडेस्वार होते; लढाईत हरल्यावर किल्ला गेला आणि त्याला दूर बर्फाच्या मुलखात धाडलं. सोबत सातच जण गेले. “आणि बाकीचे, सर?” मी विचारलं. “नव्या सरदाराकडे राहिले.” “म्हणजे फितूरच सगळे,” मी घाईघाईने म्हणालो. साहेब बाहेर बघत होते. “नाही, त्यांना मुलंबाळं होती,” ते म्हणाले. “तुला किती?” “दोन.” त्यांनी नुसती मान हलवली. विमानतळ अजून तीन तास दूर होता. माफी मागायला तेवढा वेळ भरपूर होता. मी एसी वाढवला. मुलं आता नोकरीला लागली आहेत. मीटिंगमधलं माझं गप्प बसणं मी त्यांच्या नावावर खपवलं, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.