साडी नेसून उठताना

गणपती उठले त्या आठवड्यात आमच्या जिमच्या मालकाने मला काउंटरपाशी थांबवलं. तो माझ्यापेक्षा बराच लहान आहे, मला भाऊ म्हणतो.

"भाऊ, दसऱ्याच्या आत ही भिंत रंगवून राहिलो. सगळ्या ट्रेनरचे फोटो लावतो अन् फोटोखाली एक ओळ, आपापली अचिव्हमेंट. बाकीच्यांच्या आल्या, तुमचीच राहिली."

"देतो," म्हणालो आणि उगाच डंबेल पुसायला लागलो.

बाकीच्यांच्या ओळी मी वाचल्या होत्या. कुणी जिल्ह्यात पहिला आलेला, कुणी दीडशे किलो उचलणारा. मी पन्नाशीला टेकलेला, टी-शर्टखाली थोडं पोट दिसणारा माणूस. सकाळची माझी बॅच म्हणजे प्रताप नगरातल्या साठीपुढच्या सहा बायका. शिवाय माझा एक जुनाच स्वभाव आहे. कुणाचं वजन उतरलं की वाटतं, त्यांनीच खाणं सांभाळलं. नाही उतरलं, तर वाटतं मीच कमी पडलो. कुणी कौतुक केलं की दुसऱ्याची वस्तू खिशात आल्यासारखं होतं. त्यात त्या आठवड्यात तर मला खरोखरच तोंड लपवावंसं वाटत होतं.

कारण होत्या आमच्या बॅचमधल्या एक काकू. गेल्या दिवाळीनंतर त्या आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "मले पतलं नाही व्हायचं, सर. मले खाली बसायचं आहे."

त्यांचे गुडघे धरले होते. गणपतीत त्यांच्या घरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. पूजेला सगळं घर जमिनीवर बसतं आणि काकूंना प्लॅस्टिकची खुर्ची मिळते. "देवीपेक्षा उंच बसून राहिली मी," त्या म्हणाल्या. "बरं दिसते का ते?"

आम्ही कामाला लागलो. आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, मग स्टुलावरून, मग पाटावरून, शेवटी जमिनीवरून. श्रावणापर्यंत काकू आरशासमोर खाली बसून कशालाही न धरता उठू लागल्या. साऱ्या गल्लीला त्यांनी हे सांगितलं आणि मला बायकोसह महालक्ष्म्यांच्या जेवणाला बोलावलं.

पूजेला त्या ऐटीत खाली बसल्या. आरती झाली. काकू गुडघ्यांवर आल्या आणि तिथेच अडकल्या. एकदा जोर केला, दोनदा केला. मग दोन्ही सुनांनी काखेत हात घालून त्यांना उचललं आणि कुणीतरी खुर्ची आणली. काकू हसल्या आणि मलाच आग्रह करू लागल्या, "सर, आंबिल घ्या न जी." मी वाटी तशीच ठेवून उठलो.

परतताना स्कूटरवर मी बायकोला म्हणालो, "वर्षभर मी त्यांना फसवलं."

ती मागून म्हणाली, "जिममध्ये त्या काय घालतात?"

"ट्रॅकपँट."

"अन् आज काय नेसल्या होत्या?"

मी स्कूटर बाजूला घेऊन थांबवली. जड काठाची, नवी कोरी, घोट्यापर्यंत निऱ्यांची साडी. ज्या बाईला साडी नेसून देवीपुढे बसायचं होतं, तिला मी वर्षभर ट्रॅकपँटमध्ये तयार केलं होतं! शरीराची एवढी पुस्तकं वाचली, पण कोणत्याच पुस्तकातली बाई साडी नेसलेली नव्हती आणि ते माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

रविवारी दुपारी मी बायकोची जुनी काठपदराची साडी मागितली आणि हाफपँटवर नेसवून घेतली. हॉलमध्ये मांडी घालून बसलो. उठायला गेलो, तर निऱ्या गुडघ्याखाली दाबल्या गेल्या, पुढचं पाऊल काठावर पडलं आणि मी सोफ्यावर आडवा. बायको फ्रिजला धरून हसत होती. "अवो, पदर तरी नीट घ्या!" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मीही हसलो, पण पुन्हा बसलो. आणखी बऱ्याच वेळा पडलो. संध्याकाळपर्यंत सापडलं: उठण्याआधी डाव्या हाताने निऱ्या उचलून दोन गुडघ्यांच्या मध्ये घ्यायच्या, मगच उजवं पाऊल पुढे टाकायचं.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारपासून बॅचला साडी सक्तीची केली. सहाही जणी काठपदराच्या साड्या नेसून आल्या, तेव्हा पलीकडच्या पोरांनी कानांतले हेडफोन काढले.

"काकू, हळदीकुंकू आहे का आज?" एकाने विचारलं.

"हो न. ये, तुले पाच किलोचं वाण देतो," काकू डंबेल उचलत म्हणाल्या.

खंडेनवमीला जिममध्ये सगळी वजनं धुऊन ओळीने मांडतात, त्यांना हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. त्या दिवशी कुणी काही उचलत नाही. काकू आल्या त्या महालक्ष्म्यांच्या दिवशी नेसलेल्याच साडीत. मालकाने खुर्ची पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली आणि डंबेलांपुढे सरळ जमिनीवर मांडी घातली. आरतीत माझं चित्त नव्हतं. टाळ्या थांबल्या. काकू गुडघ्यांवर आल्या. मालकाने मदतीला हात दिला.

"हात काढ गा," त्या म्हणाल्या.

डावा हात निऱ्यांकडे गेला. निऱ्या मध्ये आल्या. उजवं पाऊल पुढे पडलं, तळवा गुडघ्यावर आला आणि काकू उभ्या राहिल्या. पदर सावरला, आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात प्रसादाचा पेढा तोंडात टाकला. पलीकडच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"सर, रडून काहून राहिले?" काकू म्हणाल्या. "आता पुढल्या महालक्ष्म्यांले या. अन् आंबिल पूर्ण प्या, तेव्हा वाटीत ठेवली होती तुम्ही."

मी सवयीने म्हणणार होतो, मेहनत तुमचीच. ती होतीच. पण सोफ्यावर आडवा पडणारा मी होतो आणि पुन्हा उठून बसणाराही मीच होतो. या वेळी मी तो आनंद खुशाल खिशात घातला.

त्याच संध्याकाळी मालकाला ओळ दिली: "जमिनीवरून, साडीत, कुणाचाही हात न धरता."

घरी बायकोला वाचून दाखवली. तिने भुवई उंचावली. "हे कोणाबद्दल? काकूंबद्दल की तुमच्याबद्दल?"

"दोघांबद्दल," मी म्हणालो.