निवदाआधीची बासुंदी

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हाला का सांगतोय, ते माझं मलाच कळत नाही. कदाचित तुम्ही माझ्याकडे जेवायला येणार नाही, म्हणून असेल.

शेगावात माझं भोजनालय आहे. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक प्रमाणपत्र दिसतं — अन्नसुरक्षेचं. त्यासाठी खामगावात एक दिवसाचा वर्ग केला, शेवटी परीक्षा दिली. जेवण किती गरम ठेवायचं, फ्रीजमध्ये कच्चं खाली आणि शिजवलेलं वर का — सगळं पाठ. दुधाचा पदार्थ बाहेर किती वेळ चालतो? हाही प्रश्न होता. ‘दोन तास’ यावर मी बरोबर खूण केली. शेजारचा गडी माझं बघून लिहीत होता, एवढी माझी हुशारी!

आता गोदामावशींबद्दल सांगतो. नाही — आधी निवदाबद्दल. आमच्याकडे रोज देवाला निवद दाखवल्याशिवाय पहिलं ताट वाढत नाहीत. तो मीच दाखवायचा, ही वडिलांपासूनची रीत. तोवर कोणी चव घेत नाही, आणि गोडाचं पातेलं कांद्या-लसणाच्या जवळपास ठेवत नाही. फ्रीजमध्ये तर वाटण कायमच असतं. म्हणून गोड बाहेर, देवघरापाशी. गोदामावशी सोनाळ्याच्या, वीस वर्षं आमचा सगळा स्वयंपाक त्यांच्या हातचा. या बाबतीत त्या माझ्याहून कडक. मी हौसेनं आणलेला थर्मामीटर एकदा निवदाआधी वरणात बुडवला, तर त्यांनी ते वरण उष्टं झालं म्हणून बाजूला काढलं आणि दुसरं चढवलं.

मग तो सत्काराचा दिवस आला. मे महिना. प्रमाणपत्र मिळालेल्यांना शाल-श्रीफळ द्यायचं हॉटेलवाल्यांनी ठरवलं होतं, खामगावातच. बासुंदी सकाळी आठला चुलीवरून उतरली होती आणि मी अकरापर्यंत परतणार होतो. पण सत्काराचे प्रमुख पाहुणे काही वेळेवर येईनात. साडेअकराला मावशींचा फोन आला.

“भाऊ, बासुंदी फ्रीजमंदी ठेवू काय? ऊन लय तापून राह्यलं.”

थांबा — हे मला नीट सांगायचंय. मावशी स्वतः विचारत होत्या. वीस वर्षांची रीत मोडायला त्या तयार होत्या! आणि मी, बरोबर खूण करणारा, काय म्हणालो?

“निवद व्हायचा हाये अजून. कांद्याच्या वासात कुठी ठेवता? आलोच मी.”

मला देवाची भीती वाटली होती, की स्टेजवर माझं नाव पुकारत होते म्हणून फोन आटपायचा होता? खरंच सांगता येत नाही.

दीडला पोचलो, शाल खांद्यावरच. निवद दाखवला आणि वाढायला सांगितलं. साडेपाच तास झालेत, हे मला कळत होतं. वास घेऊन पाहिला, बरी वाटली. बरी वाटली — की मी बरी वाटवून घेतली?

त्या दुपारी देऊळगाव राजाचं एक कुटुंब जेवून गेलं. संध्याकाळी त्यांच्या आजी दवाखान्यात, सलाईनवर. तीन दिवसांनी त्या बऱ्या झाल्या, सुटलो म्हणा. पण त्रास बासुंदीनंच झाला, की त्यांनी वाटेत घेतलेल्या उसाच्या रसानं? कुणालाच ठाऊक नाही. मी बरेच दिवस त्या रसाला धरून बसलो होतो.

आजींच्या घरच्यांनी तक्रार केली, तेव्हा तपासणीला अधिकारी आले. त्यांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचलं आणि विचारलं, बासुंदी बाहेर कशी राहिली? मी म्हणालो, मी फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं होतं; मावशी जुन्या वळणाच्या, ऐकत नाहीत. मावशी दारातच उभ्या होत्या. का नाही बोलल्या? किती डोकं फोडलं तरी मला ते उमगत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घरी बसायला सांगितलं.

दोन महिन्यांनी सोनाळ्याला गेलो. माफी मागायला, की नुसतं बघायला — कोण जाणे. मावशी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. सुनेनं सांगितलं, सासूबाई आता घरातही चुलीजवळ जात नाहीत, ‘माझा हात बिघडला’ म्हणतात. सून चहा टाकायला आत गेली, तशा मावशी हळू आवाजात म्हणाल्या,

“भाऊ, म्या त्या दिशी तुमाले फोन केला होता ना हो? मले तं आठवते. सून म्हणते, भास असन तुमचा.”

चेहऱ्यावर राग नव्हता. त्या गोंधळल्या होत्या, आणि त्यांना फक्त खात्री करून घ्यायची होती. नुसतं ‘हाव’ म्हणायचं होतं मला. किती वेळ लागतो त्याला?

“मले तं नाही आठवत, मावशी.”

“मंग भासच असन,” मावशी म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली.

त्यांनी फोन केला होता. मी तो उचलला होता.